व्हिलातील हॉट टब वापरताना कोणती काळजी घ्यावी?

आपला प्रश्न असा आहे की, डिसेंबरमध्ये आपले कुटुंब गोव्यात शिवोलीजवळच्या एका भाड्याच्या व्हिलात राहणार आहे, तेथे हॉट टब आहे, सोबत रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. तर टबमध्ये बसणे कितपत सुरक्षित आहे आणि पाणी स्वच्छ असल्याची खात्री कशी करावी. शिवोली ज्यात येते त्या बार्देश तालुक्यातील अशा व्हिलांचे तरणतलाव आणि टब यांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

पाहुणे बहुधा पाण्याच्या स्वच्छतेविषयी विचारतात. पाणी किती गरम आहे, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हेच. उघड्या हवेत शरीर तापले की घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. मानेपर्यंत पाण्यात बुडालेल्या माणसाचा घाम वाळणार कुठे? पाणी शरीरापेक्षा गरम असेल तर उलट पाण्यातलीच उष्णता शरीरात शिरत राहते. त्याच वेळी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. बसून असेपर्यंत यातले फारसे काही जाणवत नाही, उलट छान सैलावल्यासारखे वाटते. मात्र एकदम उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि समोर असते ती ओली, गुळगुळीत फरशी. म्हणून उठताना आधी टबच्या कडेवर मिनिटभर बसावे आणि मगच कठडा धरून बाहेर यावे.

पाण्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर कधीही नसावे, आणि त्या तापमानाला निरोगी प्रौढ माणसानेसुद्धा एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसू नये. गोव्यात डिसेंबरच्या रात्रीही हवा फार थंड नसते, त्यामुळे ३७-३८ अंश पुरेसे होतात आणि मी केअरटेकरला तेच ठेवायला सांगतो. पॅनलवर दिसणारा आकडा चुकू शकतो. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यासाठी मिळतो तो साधा तरंगता थर्मामीटर सोबत आणला तर शंकाच उरत नाही.

फेणी असो वा बिअर, मद्य आणि गरम पाणी यांचा परिणाम एकाच दिशेने होतो. दोन्हींमुळे रक्तदाब उतरतो, दोन्हींमुळे झापड येते, आणि आपल्याला जास्त होत आहे हे कळण्याची शुद्धच मद्यामुळे कमी होते. हॉट टबमध्ये माणूस गाढ झोपी जाऊन बुडू शकतो, पाणी जेमतेम छातीपर्यंत असले तरी. पिणे टबनंतर ठेवावे आणि एकट्याने टबमध्ये बसू नये. काचेचे ग्लास तर टबच्या आसपासही नकोत: फुटलेली काच पाण्यात दिसत नाही आणि पूर्ण टब रिकामा केल्याशिवाय निघत नाही.

सासूबाईंच्या बाबतीत अडचण अशी की, गोळीने उतरलेला रक्तदाब गरम पाण्याने आणखी उतरू शकतो. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी पाणी कोमट ठेवावे, वेळ थोडा ठेवावा आणि शेजारी कोणीतरी असावे. नाहीतर कडेवर बसून नुसते पाय सोडण्यातही पुरेसे सुख असते. मधुमेह असल्यास पायांना चटका कळेनासा झालेला असू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. घरात कोणी गरोदर असेल तर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हॉट टब टाळलेलाच बरा.

लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. मुलासाठी पाणी ३५-३६ अंशांवर आणावे, पाच-सात मिनिटांत त्याला बाहेर काढावे आणि मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे. त्याआधी एक गोष्ट स्वतः तपासा. पंप बंद करायला सांगून, टबच्या तळाशी किंवा बाजूला पाणी खेचून घेणाऱ्या तोंडावर जी जाळी असते ती बोटांनी हलवून पाहा. ती डुगडुगत असेल, तडकलेली असेल किंवा तिचा स्क्रू गळून पडला असेल, तर त्या टबमध्ये कोणीच उतरू नये. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशाच तोंडाच्या खेचीत अडकून बुडाली आणि २००७ मध्ये तिच्या नावाने तेथे कायदा झाला. लांब केस बांधूनच पाण्यात उतरावे, आणि पंप बंद करण्याचे बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

आता पाणी. क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, असा सार्वत्रिक समज आहे, पण तो वास बहुतांशी घाम, लघवी यांच्याशी संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो. वासावर न जाता टेस्ट स्ट्रिप मागा. पट्टी बुडवून तिचे रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहा. मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेले, क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, ७.२ ते ७.८ असावा, पीएच याहून चढला की असलेले क्लोरीनही नीट काम करत नाही. गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडते, म्हणून सकाळी घेतलेले माप संध्याकाळी धरून चालू नये. टबची आतली भिंत हाताला बुळबुळीत लागली किंवा जेट बंद केल्यावरही फेस बसेना, तर पाणी बदलून घ्यावे. पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या टबच्या नळ्यांत जंतूंचा थर साचतो, पण आपण डिसेंबरात येत आहात, तोवर टब बहुधा वापरात असेल. तरी पाणी शेवटचे केव्हा बदलले, हे विचारायला संकोच करू नये.

टबमधून बाहेर आल्यावर पोहण्याचे कपडे लगेच उतरवून साबणाने अंघोळ करावी. एक-दोन दिवसांत कपड्याखालच्या भागावर खाजरे लाल पुरळ उठले तर ते बहुधा स्यूडोमोनास या जंतूचे असते आणि सहसा आपोआप जाते. मात्र घरी परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत कोणाला ताप, खोकला आणि दम लागणे असा त्रास सुरू झाला, तर डॉक्टरांना हॉट टबमध्ये बसल्याचे आवर्जून सांगा. टबच्या वाफेतल्या तुषारांतून लेजिओनेला जंतू फुप्फुसांत जाऊ शकतो, आणि त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.