रांग मोडा, दोरी तिरकी धरा

प्रश्न : मी नुकताच शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो आहे. वर्गात 40 मुलं, चेंडू 6. तरबेज मुलंच खेळतात, बाकीची रांगेत कंटाळतात. काय बदलू?

उत्तर : सर, आधी रांग मोडा. एका तासाला एकाच मुलावर नजर ठेवा आणि चेंडू किती वेळा त्याच्या हाती आला ते मोजा. मी मोजलं तेव्हा एका मुलीच्या वाट्याला 35 मिनिटांत 4 झेल आले होते. फार लागलं मनाला. दुसऱ्या दिवशी तिघातिघांचे गट केले. चेंडू कमी पडले तिथे चिंध्यांचे बांधले.

मग उंच उडीची दोरी. ती आडवी धरून वर वर नेली की न जमणारी मुलं एकेक करून बाहेर बसतात. म्हणजे सरावाची गरज ज्यांना जास्त, त्यांनाच तो मिळत नाही! मस्का मॉस्टन या शिक्षणतज्ज्ञांनी यावर दोरी तिरकी धरायला सांगितलं. एक टोक जमिनीलगत, दुसरं उंच. कुठून उडी मारायची ते मूल ठरवतं, बाद कुणीच होत नाही. माझ्या वर्गातली भित्री मुलंही हळूहळू आपणहून उंच बाजूला सरकली.

सूचना एका वेळी एकच द्या. ‘गुडघे सरळ कर’पेक्षा ‘जमीन जोरात ढकल’ मुलांना लवकर उमगतं. आणि नुसतं ‘शाबास’ नको. ‘या वेळी नजर चेंडूवर होती’ असं नेमकं सांगा.