खारीवरचा कुंदा, दोघांपुरता

भावा, बायकोसाठी करतोयस तर विकतचा कुंदा (आटवलेल्या दुधाची बेळगावी मिठाई) नको. बेळगावात तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, तिला त्यात काय नवल! 1 लिटर म्हशीचं दूध निम्मं आटव, दोन चमचे दही घाल, रवाळ फाटू दे. 100 ग्रॅम साखरेतली निम्मी दुधात, निम्मी वेगळ्या कढईत लालसर वितळवून त्यात ओत. जपून, भस्सकन फसफसतं. साखर काळी पडली तर सगळं कडवट, मग उपाय नाही. कोरडं होईस्तोवर ढवळत राहा, मोबाईल लांब ठेव.

मग बेकरीतली खारी, वर कोमट कुंदा, खारवलेले काजू, चिमूटभर मिरचीपूड. ब्याडगीचीच घे, रंग भरपूर, तिखट बेताचं. कुंदा आयत्या वेळी घाल, नाहीतर खारी मऊ पडते. मेणबत्त्यांचं तुझं तू बघ.