चार गर्दुल्ले एकत्र बसून सुधारतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून गावी आलाय, डॉक्टर म्हणतात व्यसन सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जा, आणि तो म्हणतो, "चार गर्दुल्ल्यांच्यात बसून मी सुधारणार, की परत लागणार?"

मी स्वतः गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढायचो. देवगडकडचा, बोटींच्या इंजिनांची कामं करतो. शेवटची पुडी ओढल्याला ९ वर्षं झाली. भावाची शंका फालतू नाही. मला आमच्याच मीटिंगबाहेर, चपला घालताना, एका नवीन पोराने विचारलं होतं, "मिळतंय, हवंय का?" असं होतं. तरीही मी जातो.

केंद्रातून सुटल्यावर (कसलं केंद्र, कोंडवाडा तो, चुकलं की मार) चार महिने मी ठीक होतो. मग शिमगा आला, मुंबईहून जुने दोस्त आले. पालखी वाडीत नाचत होती आणि आम्ही मांगराच्या मागे. पूर्वी ओढायचो तेवढंच ओढलं. चार महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, जुनं प्रमाण झेपत नाही, श्वास मंदावत जातो. हे मला तिथे कोणीच सांगितलं नव्हतं. ओठ निळे पडलेले बघून चुलतभावाने रिक्षात घातलं म्हणून आज हे लिहितोय. तुमचा भाऊ आत्ता त्याच टप्प्यावर आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

त्यानंतर मीटिंगला गेलो. वाचनालयामागची खोली, सहा-सात माणसं, खडखडणारा पंखा. समोर बघतो तर आमच्याच एसटीचा कंडक्टर! वर्षभर ज्याच्याकडून तिकीट घेतलं तो माणूस सांगत होता की मी व्यसनी आहे. मला ओळखीचं कोणी भेटेल या भीतीने मी दोन आठवडे टाळत होतो. त्यालाही तीच भीती. वाडीला तसंही सगळं ठाऊक असतं हो, आपल्यालाच वाटत असतं की झाकलेलं आहे.

दोन महिन्यांनी मी परत घसरलो आणि गप्प बसलो. बायको रोज तोंडाचा वास घ्यायची, पण ही दारू थोडीच आहे. डॉक्टरांची तारीख महिन्यानंतरची. कंडक्टरने चहाचा कप देताना माझा अंगठा बघितला. पन्नीखाली लायटर धरून धरून कडेला चट्टा पडतो, तो. सगळ्यांसमोर काहीच बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "मलम लाव हेका. आणि सकाळी फोन कर माका." पुढच्या मीटिंगला मी स्वतःच सांगून टाकलं. वाटलं होतं, आता कीर्तन ऐकावं लागणार. कोणी उपदेश केला नाही. पांढरा टॅग परत हातात ठेवला आणि पुढच्या आठवड्यापासून चहा करायचं काम माझ्याकडे दिलं. चहा करणाऱ्याला दांडी मारता येत नाही, एवढंच त्यामागचं डोकं.

टॅग म्हणजे किल्लीला अडकवायची प्लास्टिकची पट्टी. पांढरी पहिल्या दिवसाची, ३० दिवसांना केशरी, ६० ला हिरवी, ९० ला लाल. ही पद्धत नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसची. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला गट, दारूवाल्यांच्या १९३५ च्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवरून बेतलेला. फी नाही, आडनाव नाही, अट एकच, बंद करायची इच्छा हवी. बाहेरची देणगी घेत नाहीत, चहा-भाड्याचं सभासदच काढतात. प्रार्थना असते, पण आमच्यातला एक पक्का नास्तिक तेवढ्या वेळात कपबश्या विसळतो. चालतं.

आमच्याकडे खरी कसोटी पावसात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खलाशी घरी, पुढच्या हंगामाची उचल खिशात, बाहेर धो-धो, हाताला काम नाही. संध्याकाळी सातला अंगात जी तगमग सुटते, ती घरच्यांना कळत नाही, त्यांचा दोष नाही. ती ज्याने भोगलीय त्याला फोनवर नुसतं "आज जड जातंय" म्हटलं तरी पुरतं. त्या दोन महिन्यांत आम्ही आठवड्यातून तीनदा बसतो.

आता एक भांडण. काही गटांत सांगतात, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी (गर्दची तलफ आवरायला डॉक्टर देतात ती) घेतोस म्हणजे तू क्लीन नाहीस, व्यसन सुटलेलं नाही. हे साफ चूक आहे, आणि गर्दवाल्याच्या बाबतीत जिवावर बेतणारं. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवेल, मीटिंगमधला दादा नाही. भावाची गोळी चालू असेल तर असल्या गटातून उठून यायला सांगा, दुसरा शोधा. गट हा उपचाराच्या जागी नाही, जोडीला आहे. दारूच्या बाबतीत २०२० मध्ये कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) मोठा आढावा निघाला, २७ अभ्यासांचा. दारू पूर्ण बंद ठेवायला गटाकडे वळवणारे उपचार इतर उपचारांपेक्षा सरस ठरले. गर्दसाठी एवढा भक्कम पुरावा नाही, म्हणून मी फक्त माझं सांगतोय.

जवळ गट नसेल तर १४४४६ ला फोन करून विचारा, व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे. ऑनलाइन मीटिंगाही असतात. आमचा एक जण जहाजावर आहे, तिथून जोडला जातो, आणि मला मात्र घरात रेंज नसते म्हणून विहिरीच्या कठड्यावर बसावं लागतं. घरच्यांसाठी वेगळे गट असतात, नार-अ‍ॅनॉन म्हणतात. तुम्ही स्वतः एकदा जाऊन बसा.

भावाला पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते, दाराजवळ बसून आला तरी चालेल. आल्यावर आत काय झालं ते खोदून विचारू नका. आणि मीटिंग लांबून शेवटची एसटी चुकली तर तिथलाच कोणीतरी त्याला बाईकवर आणून सोडेल. दाढी वाढलेला, हातावर जुने डाग असलेला माणूस असेल. त्याला दारातून हाकलू नका. माझ्या आईने हाकललं होतं, कंडक्टरला, गणवेशात असताना.