वाइल्डफ्लाय: रोटेशन चालू, तरी लॉगने डिस्क भरली

भाऊ, वाइल्डफ्लाय या जावा अॅप्लिकेशन सर्व्हरवर रोज तारखेची नवी लॉग (नोंदींची) फाइल बनते, म्हणजे रोटेशन चालू आहे, तरी लॉग फोल्डर फुगतोय आणि फाइल पुसूनही डिस्क ९८ टक्केच दिसते, हे तुमचं धुळ्याहून आलेलं वर्णन वाचलं आणि जळगावातला तो मे महिना आठवला. सीएलआय (सर्व्हरला आज्ञा द्यायची कमांड लाइन) कसं उघडायचं वगैरे तुम्हाला येत असेलच, ते सोडतो.

रावेर-यावलकडून केळीच्या गाड्या भरून निघत होत्या आणि बिलं आमच्या सर्व्हरवर. एक बग शोधायला मी रूट लॉगर (सगळ्या नोंदींचा मूळ लॉगर) डीबगवर, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिणाऱ्या पातळीवर, टाकला आणि तसाच विसरलो. मूळ सेटिंगमधला पिरिऑडिक रोटेटिंग हँडलर (लॉग फाइलीत लिहिणारा भाग) रोज फाइल बदलतो, जुनी एकही काढत नाही. मी मात्र रोटेशन म्हणजे सफाई असं धरून चाललो होतो. रात्री डिस्क भरली. ट्रान्झॅक्शनच्या नोंदी सर्व्हरच्या स्टँडअलोन फोल्डरमधल्या डेटा फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर, म्हणून बिलंही अडकली. घाबरून चालू लॉग फाइल आरएमने (लिनक्सची फाइल पुसायची आज्ञा) उडवली. नाव गेलं, जागा सुटली नाही, कारण सर्व्हरने ती उघडी धरलेली होती. फाइल ट्रंकेट करून, म्हणजे न पुसता आतला मजकूर रिकामा करून, शून्यावर आणायला हवी होती.

सपोर्ट डेस्कने दोन दिवस एकच उत्तर दिलं, 'डिस्क वाढवून घ्या', आणि तिकीट बंद. लॉगिंगची कॉन्फिगरेशन एकदाही मागितली नाही. गाड्या उभ्या होत्या, ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं, शेतकरी फोनवर फोन करत होते. ते मी अजून विसरलेलो नाही.

माझं मत, तुमची आवृत्ती तपासूनच वापरा: आकार पाहून फाइल बदलणारा साइज रोटेटिंग हँडलर लावा, रोटेट-साइज (किती आकाराला बदलायची) ५० एमबी, मॅक्स-बॅकअप-इंडेक्स (किती जुन्या फाइली ठेवायच्या) २०. हा इंडेक्स स्वतः लिहाच, मूळ किंमत फक्त १ असते. तारीख आणि आकार दोन्ही पाहणारा हँडलर मला पटत नाही. तिथे ही मर्यादा त्या-त्या दिवसाच्या तुकड्यांपुरती, मागच्या तारखांच्या फाइली साचतच राहतात. तारीख हवीच असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) फाइंड ही शोधायची आज्ञा लावून जुन्या काढा. डीबग फक्त आपल्या कोडच्या पॅकेजच्या लॉगरला द्या, रूटला कधीच नाही.

सर्व्हर चालू असताना स्टँडअलोनची एक्सएमएल (सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल) हाताने बदलू नका, सीएलआयचा पुढचा बदल तुमची दुरुस्ती पुसून टाकतो. आणि जमलं तर लॉगला वेगळं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) द्या. आमच्याकडे ते असतं तर त्या रात्री लॉग थांबला असता, बिलं नाही.