शेजारी टॉवर येतोय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गिरगावात आमची तीन मजली जुनी चाळ आहे. शेजारची चाळ पाडून तिथं तीन तळघरांचा टॉवर येतोय. खोदाई अजून सुरू व्हायचीय. आमच्या भिंतींना धोका किती?

उत्तर : टॉवरच्या उंचीपेक्षा त्याच्या खड्ड्याची काळजी करा. तीन तळघरं म्हणजे दहा-बारा मीटर खोदाई, आणि जुन्या चाळींचे पाये उथळ असतात. समुद्राजवळच्या या भागात वर भराव, खाली चिकणमाती किंवा रेती, मग मुरूम आणि पाषाण असे थर लागतात. खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप चालतात. त्यामुळे तुमच्याही जमिनीतलं पाणी उतरतं, चिकणमाती आवळते, रेती पाण्याबरोबर निघून जाते आणि पाया एखाद्या कोपऱ्यात जास्त खचतो. भिंत फाटते ती यामुळे. ब्रेकरच्या थरथरीला लोक जास्त घाबरतात, पण पाण्याच्या उपशावर नजर ठेवणं अधिक गरजेचं आहे. पंपातून येणारं पाणी रोज पाहा. ते सतत गढूळ येत असेल तर त्यातून माती वाहून चाललीय.

खोदाईआधीच चाळीची पाहणी करून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअर विकासकानं दिलेला नको, तुम्ही नेमलेला हवा. प्रत्येक तड्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो, खोली क्रमांक, तारीख, आणि या अहवालावर विकासकाच्या इंजिनिअरची सही. मग ‘हा तडा जुनाच होता’ असं म्हणायला जागा राहत नाही. मोठ्या तड्यांवर आडव्या काचपट्ट्या बसवा. दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं घट्ट, मधली काच मोकळी, शेजारी तारीख. काच तडकली की तडा अजून वाढतोय असं समजायचं. पट्टी रंगावरच चिकटवली तर पापुद्र्यासकट निसटते आणि काहीच कळत नाही, म्हणून आधी रंग खरवडून घ्या.

मिलिमीटरभर तडा बहुधा गिलाव्यातला असतो. पाच मिलिमीटरच्या पुढे गेला, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा चढला, दारं अडकू लागली, तर पाया खचतोय असं धरा. त्याच दिवशी महापालिकेच्या विभाग कार्यालयात इमारत व कारखाने खात्याला लेखी कळवा आणि खोदाई थांबवायची मागणी करा. चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळालाही प्रत द्या. विकासकाकडून दर आठवड्याला तुमच्या पायाची पातळी आणि भूजलाची नोंद मागून घ्या.

प्रश्न : टॉवरमध्ये लोक राहायला आल्यापासून आमचा नळ बारीक झालाय. त्यांचे पंप आमचं पाणी ओढतात का?

उत्तर : ते पंप टॉवरच्या जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवतात. रस्त्यातल्या वाहिनीला थेट पंप लावला असेल तर ते बेकायदा आहे, तशी शंका असेल तर तपासणी मागा. एरवी कारण मागणीत असतं. माणशी रोज १३५ लिटर धरले तर पाच माणसांच्या ६० खोल्यांना ४०,५०० लिटर लागत. त्याच जागी २०० घरं आली की १,३५,००० लिटर. पाणी येतं ठरावीक तास. तेवढ्यात मोठ्या जोडण्या एकदम उघडल्या की वाहिनीच्या शेवटाकडे दाब पडतो. २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते दोन आठवडे त्याच वेळी मोजा, तक्ता तक्रारीला जोडा आणि जलखात्याकडे दाब मोजायची मागणी करा.

प्रश्न : वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० ऐवजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याही ४० मजली इमारतींत. आमच्या सोसायटीपुढेही ४० मजल्यांचा प्रस्ताव आहे. काय विचारावं?

उत्तर : चौरस फुटांइतकंच घासाघीस करून मेंटेनन्सचं बोला. समजा, घरामागे महिन्याला ८,००० रुपये खर्च आला. वर्षाचे ९६,००० झाले. ते ६ टक्के व्याजातून निघायचे तर घरामागे १६ लाखांचा कॉर्पस, म्हणजे व्याजासाठी राखून ठेवलेली रक्कम, लागते. खर्च दरवर्षी वाढणार, मुद्दल तेवढंच राहणार, हेही लक्षात घ्या.

लिफ्टची संख्या, वेग आणि जनरेटर करारात लिहून घ्या. ४० मजले म्हणजे साधारण १२० मीटर. सेकंदाला एक मीटर वेगाची लिफ्ट न थांबता गेली तरी दोन मिनिटं घेते, अडीच मीटरची साधारण पन्नास सेकंदांत पोचते.

पाण्याचा दाब दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोनं वाढतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सरळ सोडलं तर तळाशी बारा किलोचा दाब येईल, आणि घरातल्या नळांना तीन-चार किलो पुरे. म्हणून ठरावीक मजल्यांगणिक दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. ते बिघडले की गिझरचे जोड गळतात, फ्लश वाहत राहतो. त्यांची जाळी वेळोवेळी साफ करायचं काम देखभालीच्या कंत्राटात घाला.

मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरची. त्यावरच्या मजल्यांची सगळी भिस्त इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेवर. ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत लागतो. तो फायलीत आहे म्हणून गाफील राहू नका. पंपरूममध्ये जाऊन फायर पंपाचा स्विच ‘ऑटो’वर आहे ना ते बघा. तो ‘मॅन्युअल’वर राहिला तर स्प्रिंकलर फुटेल, पण पंप आपोआप सुरू होणार नाही.

प्रश्न : गिरणगावात एवढे टॉवर झाले, मैदानं का नाही झाली?

उत्तर : १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८नुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरांसाठी जमीन आणि उरलेलं मालकाला. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती ठेवली. आवारं तर शेडनी भरलेली होती, त्यामुळे पहिले दोन वाटे आक्रसले. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. श्रीनिवास मिलच्या जागेवर आज २८० मीटरचा वर्ल्ड वन उभा आहे. मुंबईनं हातची घालवलेली इतकी मोठी संधी आम्हाला दुसरी दिसत नाही.

प्रश्न : आमच्या टॉवरच्या रेफ्यूज मजल्यावर हळदीकुंकू ठेवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. साधारणपणे पहिली रेफ्यूज जागा २४ मीटरच्या वर आणि पुढे दर सातव्या मजल्यावर ठेवतात. आग लागली की वरचे लोक तिथं उतरून थांबतात आणि जवान त्यांना तिथून बाहेर काढतात. सायकली, उरलेल्या लाद्या, कुलूप, ग्रिल, यातलं काहीही तिथं नको. हळदीकुंकू सोसायटीच्या हॉलमध्ये घ्या.