कॅनडाचा डिप्लोमा : सही करण्याआधी

सप्रेम नमस्कार,

तुमचं दोन पानी पत्र वाचलं. तुमची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एजंटने ऑंटारिओतल्या एका कॉलेजचा दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंट डिप्लोमा सुचवलाय. ‘डिप्लोमा झाला की तीन वर्षांचं वर्क परमिट, मग पीआर (म्हणजे तिथं कायम राहण्याचा परवाना)’ असा त्याचा हिशेब आहे, आणि तुम्ही घर तारण ठेवायच्या बेतात आहात. ताई, अजून कशावरच सही करू नका.

एजंट थापा मारतोय असं मी म्हणत नाही. तो २०२२ सालचं खरं सांगतोय. २०२३ मध्ये कॅनडाची लोकसंख्या एका वर्षात तीन टक्क्यांहून जास्त वाढली. त्यात निम्म्याहून अधिक वाटा तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या विद्यार्थी-कामगारांचा होता. घरभाडी भडकली, लोक चिडले आणि सरकारने हात आखडता घेतला. जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आली. २०२५ साठी पाच लाख लोकांना पीआर द्यायचं ठरलं होतं, ते ३,९५,००० वर आणलं. २०२६ चं लक्ष्य ३,८०,०००.

तुमची खरी अडचण मात्र मधल्या पायरीवर आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्याने कॉलेजचा डिप्लोमा घेतला, तर त्याचा विषय सरकारी यादीत असेल तरच शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळतं. यादीत आरोग्य, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, वेल्डिंग-प्लंबिंगसारखी कामं असे विषय आहेत. सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंट नाही. जाहिरातीत ‘वर्क परमिटसाठी पात्र’ असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कॉलेजबद्दल, कोर्सबद्दल नव्हे. प्रत्येक कोर्सला सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे त्याच्या विषयाचा वर्गीकरण क्रमांक, असतो. एजंटकडून तो लेखी मागा आणि कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवरच्या यादीशी स्वतः ताडून बघा. कोड द्यायला टाळाटाळ झाली, तर काय ते समजून जा.

विद्यापीठाच्या पदवीला ही विषयाची अट नाही. मास्टर्स दोन वर्षांहून कमी असलं तरी तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं, आणि १ जानेवारी २०२६ पासून सरकारी संस्थांतलं मास्टर्स प्रांताच्या स्टडी परमिटच्या कोट्यातूनही वगळलंय. म्हणून माझा कौल मास्टर्सला. पण तिथली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, बी.कॉम.नंतर ऑनर्सचं चौथं वर्ष करता येत असेल तर करू द्या. अकाउंट्सच्या नोकरीत वर्ष-दोन वर्षं काढली तरी वाया जाणार नाहीत.

पीआरची हमी कोणीच देऊ शकत नाही. नोकरीच्या ऑफर लेटरला एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत, गुण मिळायचे, तेही मार्च २०२५ मध्ये बंद झाले. उलट फ्रेंच चांगलं येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) निघतात आणि त्यांचा कट-ऑफ बराच खाली असतो. तिला भाषांची आवड असेल तर आत्तापासून क्लास लावा. आवड नसेल तर केवळ पीआरसाठी फ्रेंच रेटवत नाही, हे मी पाहिलंय.

कर्जाचं म्हणाल, तर फी आणि प्रवासखर्च सोडून एका वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. आठवड्याला २४ तास कामाची मुभा आहे, पण ते काम मिळेलच असं धरून हप्ता ठरवू नका. ती परत आली तरी हप्ते झेपतील एवढंच कर्ज काढा.

कोड हातात आला की मला कळवा. आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. तिला स्वतःला काय करायचंय, ते तुमच्या दोन पानांत कुठेच नाही.