आई-बाबा युरोप टूरला चाललेत, फोनचा खर्च कसा कमी ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा पहिल्यांदाच १० दिवस पॅरिस-स्वित्झर्लंडला चाललेत, दोघांकडे इथलंच सिम आहे, तर स्वस्तात काय करता येईल. मागच्या मे महिन्यात माझे सासू-सासरे हीच टूर करून आले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इथलं सिम काढू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. निघायच्या आधी कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग (परदेशात सिमला नेटवर्क मिळणं) चालू करून घ्या पण फोनमध्ये या सिमचं डेटा रोमिंग (परदेशात त्या सिमवरून नेट वापरणं) बंद ठेवा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोळ इथेच होतो. सासऱ्यांचा नंबर पोस्टपेड, डेटा रोमिंग चालू राहिलं, ते स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस डोंगरावर बर्फात फोटो काढत होते आणि फोन एकेक फोटो बॅकअपला चढवत होता, घरी आल्यावर बिल बघून माणूस हादरलाच. मला फार वाईट वाटलं, कारण सेटिंग मीच बघून द्यायला हवं होतं.

नेटसाठी ई-सिम घ्या, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम. फोनवर *#०६# डायल करा, ईआयडी नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. घरच्या वायफायवर मुंबईतच टाकून ठेवायचं आणि तिकडे उतरल्यावर चालू करायचं, विमानतळावर रांगेत उभं राहायला नको. घेताना यादीत स्वित्झर्लंड आहे का ते नक्की बघा! १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये तिथल्या सिमला देश बदलला तरी वेगळं रोमिंग लागत नाही, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, त्यामुळे काही युरोप प्लॅनमध्ये तो नसतो. सासूबाईंच्या फोनमध्ये आम्ही दोन्ही सिमना नावं दिली होती, ‘घरचं’ आणि ‘युरोप’, आणि मोबाईल डेटा ‘युरोप’वर. त्यांना ते लगेच कळलं.

व्हॉट्सॲप जुन्या नंबरवरच चालतं, नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हणायचं. कॉल त्यावरूनच. इथल्या नंबरवर आलेला साधा कॉल रोमिंगमध्ये उचलला तरी पैसे लागतात, आणि आपली आई-बाबा मंडळी प्रत्येक फोन उचलतात हो, त्यामुळे नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा. ओटीपीचा मेसेज यायला मात्र बहुतेक वेळा पैसे पडत नाहीत.

विमानात फ्लाइट मोड लावायलाच सांगा, काही विमानांत स्वतःचं नेटवर्क असतं आणि फोन त्याला जोडला गेला तर त्याचे दर फार महाग. मॅप आधी डाउनलोड करून द्या.

आणि बाबांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा, टूर मॅनेजरचा नंबर आणि हॉटेलांची नावं, बॅटरी संपली तर तीच कामाला येते. फोनची मॉडेल्स लिहा, ई-सिम चालेल का ते बघून सांगतो.